तीन ग्रॅमचं आमिष

बेळगावकडच्या उचगावाजवळ मार्कंडेय नदीत मासे धरायला काठी, तंगूस, बूच आणि गांडूळ एवढं पुरतं. पण हल्ली बोटाएवढ्या जाडीचा हलका रॉड आणि मुठीत मावणारं रीळ स्वस्तात मिळतं. त्यातून तीन ग्रॅमचं चमकतं पातं थेट पल्याडच्या काठाशी पडतं. एवढीशी वस्तू मागचा दोरा ओढत जाते तरी कशी?

जुन्या रिळात फेकीबरोबर चक्रीही फिरावी लागे. तीन ग्रॅममध्ये तेवढा जोर कुठला! तोड निघाली ती सुताच्या धंद्यातून. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकर-उद्योगातले आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली अशा रिळाचं पेटंट घेतलं, ज्यात फेकताना चक्री जागची हलत नाही. दोरा तिच्या टोकावरून वेटोळ्यांनी सुटतो. शहापूर-वडगावच्या विणकराला यात नवल वाटणार नाही. धोट्यातल्या कांडीवरून सूत असंच सुटतं.

खरी करामत मात्र दोऱ्याच्या जाडीत आहे. ०.३० मिलिमीटरऐवजी ०.१५ चा तंगूस घ्या. जाडी निम्मी, ताकद पाव. तोटाच की! पण ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातानं घटतो, म्हणजे सोळाव्या हिश्श्यावर येतो. दोरा लुळा पडतो, रिळाच्या कडेला कमी घासतो आणि हलकं आमिष लांब जातं. त्यामुळे महागड्या रॉडआधी चांगल्या बारीक तंगुसावर पैसे घालावेत, असं माझं मत.

एवढ्या नाजूक दोऱ्यावर मरळ लागला तर? तिथे रिळाचा ड्रॅग कामी येतो: ठरावीक ओढीपलीकडे चक्री घसरून दोरा सोडते. स्वस्त रिळं इथेच मार खातात. ड्रॅग आधी अडकतो, मग एकदम सुटतो, आणि त्या हिसक्यात दोरा तुटतो. दुकानातच पारख करावी. रिळातून सरळ आलेल्या दोऱ्याला अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली बांधायची आणि ती गचके न खाता सावकाश खाली उतरेल असा ड्रॅग लावता येतो का, ते पाहायचं.

मासा धावत सुटला की हात आपोआप ड्रॅग आवळायला जातो. करायचं नेमकं उलटं. दोरा संपत जातो तशी चक्रीवरची गुंडाळी लहान होते. तिची त्रिज्या निम्मी झाली, तर ड्रॅगला हात न लावताही दोऱ्यावरचा ताण दुप्पट होतो. म्हणून लांब पळालेल्या माशाला ड्रॅग थोडा सैलच करून द्यायचा.