थंडी उताराला लागते तेव्हा

डिसेंबरातल्या एखाद्या निरभ्र, वारा पडलेल्या पहाटे महाबळेश्वरच्या बाजारपेठेतून वेण्णा तलावाकडे पायी उतरून पाहा. अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. बाजारात अंगावर नुसता स्वेटर पुरतो. अर्ध्या वाटेवर कानटोपी खाली ओढावी लागते. तलावाशी पोहोचेपर्यंत बोटं आखडलेली असतात, आणि थंडी खरीच कडाक्याची असेल तर तिथे रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या जीपच्या टपावरून हात फिरवल्यावर नखांत पांढरा भुगा येतो. बर्फ! बोटींच्या धक्क्याच्या फळ्यांवर, गवतावर, लिंगमळ्याच्या बाजूला स्ट्रॉबेरीच्या पानांवरही तोच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत हिमकणांचे फोटो येतात आणि त्याच बातमीत गावातलं किमान तापमानही छापलेलं असतं. ते बहुतेक वेळा शून्याच्या कित्येक अंश वर असतं.

म्हणजे कोडी दोन. पारा शून्यावर आलेला नसताना पाणी गोठलं कसं? आणि उंचावर गार, सखल भागात उबदार, दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंशांचा फरक, हे शाळेत शिकलेलं गणित इथे उलटं कसं फिरलं?

उत्तराची सुरुवात आकाशापासून होते. पावसाळ्यात या डोंगरावर पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, महिनोन्‌महिने ढग हलत नाहीत. ऑक्टोबरात मोसमी वारे माघार घेतात, ऑक्टोबरची ती तलखी सरते, आणि कार्तिक-मार्गशीर्षात उत्तरेकडून कोरडी हवा येऊ लागते. जमीन रात्रंदिवस आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात वर सोडत असते. पावसाळ्यात ढग आणि बाष्प ती शोषून पुन्हा खाली पाठवतात, जणू डोंगराच्या अंगावर गोधडीच असते. शरद सरताना ती निघते. कोरड्या हवेतून आठ ते चौदा मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरी जवळजवळ विनाअडथळा पार होतात आणि थेट अवकाशात जातात. रात्री मृग आणि कृत्तिका ज्या आकाशात लखलखताना बघून आपण हरखतो, त्याच आकाशातून आपल्या पायांखालच्या गवताची ऊब निघून जात असते. मला तर हे कळल्यापासून हिवाळ्यातलं चांदणं निराळंच वाटतं. उत्तरेचे वारे गारवा आणतात हे खरंच, पण वेण्णेकाठचा बर्फ इथेच, त्या एका रात्रीत तयार होतो.

आता पाऱ्याचं. वेधशाळेतला तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर असतो. तो हवेचं तापमान सांगतो, गवताचं नाही. गवताचं पातं पातळ, त्याच्यात साठवलेली उष्णता नगण्य, आणि मातीतली ऊब त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. जीपच्या पत्र्याचं आणि धक्क्याच्या फळीचंही तेच. अशा वस्तू निरभ्र रात्री भोवतालच्या हवेपेक्षाही कित्येक अंशांनी जास्त गार होतात. तलावाचं पाणी मात्र गोठत नाही: त्याच्यात उष्णतेचा साठा प्रचंड, आणि वरचा थर गार झाला की तो जड होऊन बुडतो, खालचं उबदार पाणी वर येतं. म्हणून पहाटे काठावर बर्फ आणि पाण्यावर वाफ, असा नजारा एकाच वेळी दिसतो.

हे कोडं विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधल्या डॉक्टरने सोडवलं. लोकरीचे पुंजके रात्री बागेत ठेवायचे, सकाळी त्यांचं वजन करायचं, असे प्रयोग करून त्याने 1814 मध्ये दंवावर निबंध प्रसिद्ध केला. ज्या पुंजक्यावर फळीचं छप्पर होतं, त्यावर दंव कमी, उघड्यावरच्या पुंजक्यावर जास्त. दंव आकाशातून पडत नाही; आकाशाकडे उघडी राहिलेली वस्तू गारठते आणि तिच्यावर हवेतलं बाष्प जमतं, हे त्याने पक्कं केलं.

पण या गोष्टीचा उपयोग आपल्याकडचे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते! अलाहाबादकडे हिवाळ्यात बर्फ कसा करतात, याचं वर्णन सर रॉबर्ट बार्कर यांनी 1775 मध्ये लिहून ठेवलं आहे. उघड्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं अंथरायची, त्यांवर मातीच्या छोट्या उथळ थाळ्यांत पाणी ठेवायचं आणि सूर्य उगवण्याआधी बर्फ गोळा करायचा. ताटांमुळे मातीची ऊब अडते, उथळ पाणी आकाशाला तोंड करून राहतं. गंगेच्या मैदानात, यंत्राशिवाय, बर्फ!

दुसरं कोडं उताराचं. डोंगरमाथा आणि उतार गारठले की त्यांना टेकलेली हवाही गारठते, जड होते आणि हळूहळू घळीघळींतून खाली सरकते. वेण्णेचा तलाव सखल जागी आहे. 1842 मध्ये साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी तो बांधवला. बांध घालायला सोयीची खोलगट जागा हवी, आणि रात्री थंड हवा साचायलाही तशीच जागा लागते. वारा असला तर ही हवा घुसळली जाते आणि खेळ संपतो. ढग आले तरी संपतो.

हाच प्रकार मोठ्या आकारात पाहायचा तर उजाडताना पाचगणीच्या टेबललँडवर उभं राहावं. खाली कृष्णेच्या खोऱ्यात, वाई-धोमच्या अंगाला, पुष्कळदा धुकं साठलेलं असतं आणि आपण त्याच्या वर, कोवळ्या उन्हात. संध्याकाळी खोऱ्यातल्या गावांकडे पाहिलं तर चुलींचा धूर थोडा वर चढतो आणि मग आडवा पसरतो. जिथे तो आडवा होतो, त्याच्या वरची हवा खालच्यापेक्षा उबदार आहे. न दिसणारी हद्द धुरामुळे दिसते. सकाळी ऊन उतारांवर चढलं, जमीन तापली, की ही हद्द मोडते आणि धुकंही विरतं.

डोंगरात मुक्काम करणाऱ्यांना हे सारं लगेच कामी येतं. पाण्याच्या सोयीसाठी तंबू ओढ्याच्या अगदी काठाला ठोकायचा मोह होतो, पण रात्री सगळी थंडी तिथेच येऊन बसते. थोडं वर, उताराच्या अंगाला सपाटी मिळाली तर तिथे राहावं. पाणी आणायला चार पावलं जास्त चालावं लागेल एवढंच. सकाळी तंबू ओलाचिंब नको असेल तर झाडाखाली जागा बघावी, कारण फांद्या-पानं आकाशापेक्षा उबदार असतात. खात्री करायची असेल तर झोपण्यापूर्वी एक स्टीलची ताटली झाडाखाली आणि एक मोकळ्या गवतावर पालथी ठेवा, आणि पहाटे दोन्हींवरून बोट फिरवून बघा.