रंगमंचाची वीज (भाग 7): निऑन मंद करताना

मागच्या भागात हॅलोजनचा दिवा पाहिला. वीज कमी झाली की त्याची तार हळूहळू निवते आणि उजेड पिवळा, मग तांबूस होत विझतो. निऑनला अशी तार नसते. 1910 साली जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या नळ्या उजळवल्या. तेव्हापासून तत्त्व तेच आहे: काचेत वायू, दोन टोकांना इलेक्ट्रोड आणि वायूतून वीज वाहवायला काही हजार व्होल्ट. ठरावीक व्होल्टेजखाली तो वायू वीज वाहूच देत नाही. म्हणून प्रवेशाच्या शेवटी नेपथ्यातली लॉजची लाल निऑन पाटी मंद करायची असेल, तर माझं म्हणणं असं की व्होल्टेज उतरवू नका, वेळ कापा.

आपली वीज सेकंदाला शंभर वेळा शिखरावर जाते आणि नळी तितक्याच वेळा नव्याने पेटते. 230 व्होल्टचं शिखर सुमारे 325 व्होल्टचं असतं. व्हेरिअ‍ॅक या व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या यंत्राने निम्मा पुरवठा दिला की तेही निम्मं होतं. नळीसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपलीकडचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात घसरतं आणि नळी अर्धवट थरथरते किंवा पटकन विझते. रंगमंचावरचा डिमर मात्र प्रत्येक अर्ध्या लहरीचा सुरुवातीचा तुकडा कापतो. हा तुकडा दहापैकी पाच मिलिसेकंदांपर्यंत असेल, तर शिखर शाबूत राहतं. नळी पेटते, फक्त कमी वेळ पेटते. त्यापुढे शिखरच कापलं जातं, म्हणून शून्यापर्यंतचा सलग उतार निऑनकडून मागू नये. पाटी तग धरते त्या पातळीवर आणावी, बाकीचे दिवे उतरवावेत आणि ब्लॅकआऊटच्या क्षणी तिचा पुरवठा तोडावा.

डिमर लावला की ट्रान्सफॉर्मर जळतो, हा आक्षेप अनुभवातून येतो आणि तो खरा आहे. लहरीचे दोन अर्धे असमान कापले गेले, तर लोखंडी गाभा एकाच दिशेने भरतो, गुणगुणतो, तापतो. जालन्यासारख्या सळईच्या गावात ट्रान्सफॉर्मरची गुणगुण कशाची खूण असते, हे कारखान्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही. पण हा दोष डिमरच्या निवडीचा आहे. इंडक्टिव्ह भार पेलणारा डिमर घ्यावा आणि त्याच वाहिनीवर, ट्रान्सफॉर्मरला समांतर, साधा तारेचा दिवा विंगेत झाकून जोडावा. त्याच्या करंटवर डिमर स्थिर राहतो. इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर असेल, तर तो डिमरसाठी बनवलेला आहे असं लिहिलेलं असल्याशिवाय जोडू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एलईडीची लवचीक निऑनपट्टी मिळत असताना काच आणि हजारो व्होल्ट प्रयोगाला घेऊन का फिरायचं? टेम्पोतून नेपथ्य नेणाऱ्या हौशी संघाने पट्टीच घ्यावी, हे मी मान्य करतो. तिचा चांगला डिमरही वेळच कापतो, आणि सेकंदाला इतक्या वेळा की डोळ्याला कळत नाही. खऱ्या नळीचा वायूतून भरून येणारा उजेड तिच्यात नाही, पण नटाच्या हाताला धक्का बसण्याचा धोकाही नाही. खरी नळी वापरायचीच असेल, तर ती नटांच्या हाताबाहेर उंच टांगावी आणि जोडणी जाणकार वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावी. जालन्यात फुलंब्रीकर नाट्यगृहात प्रयोग असेल, तर रंगीत तालमीतच डिमर सावकाश खाली आणावा आणि पाटी कोणत्या आकड्यावर विझते, तो आकडा प्रकाशाच्या वहीत लिहून ठेवावा.