पंख्याविना पेटी

मोठ्या बहिणीच्या निकाहची जुनी कॅसेट आम्ही स्टुडिओतून फाईलमध्ये करून आणली. एका रात्री इशानंतर सगळे टीव्हीसमोर बसलो. रुखसतीच्या वेळी मरहूम अब्बा हळू आवाजात दुआ मागतात, ती अम्मींना ऐकायची होती. पण टीव्हीला जोडलेल्या जुन्या संगणकाचा पंखा असा घरघरत होता की अब्बांचे ओठ हलताना दिसले, शब्द कळले नाहीत. आवाज वाढवला, तर कॅसेटची खरखरही वाढली. "राहू दे बेटा," म्हणत अम्मी उठल्या.

दुकानात विचारले, तर महागडा, जास्त ताकदीचा संगणक घ्या असा सल्ला मिळाला. पण अडचण ताकदीची नव्हतीच.

व्हिडिओ फाईलमध्ये दाबून साठवलेला असतो आणि दाखवताना तो उलगडावा लागतो. हे काम मुख्य प्रोसेसर करू लागला की तो तापतो, मग पंखा जोरात फिरतो. चिपमध्येच उलगडण्याची वेगळी सोय असेल, तर उष्णता कमी आणि पंख्याची गरज नाही. म्हणून आधी आपल्या फाईल कोणत्या प्रकारच्या आहेत ते पाहावे. आमच्या बहुतेक एच.264 च्या होत्या, काही एचईव्हीसीच्या.

आम्ही रास्पबेरी पाय 4 घेतला, 2 जीबी मेमरीचा. तळहाताएवढा हा बोर्ड दोन्ही प्रकार चिपमध्येच उलगडतो. 2023 साली आलेला पाय 5 वेगवान आहे, पण त्यात एच.264 साठी वेगळी सोय नाही आणि तो जास्त तापतो. नवे तेच चांगले, असे इथे नाही.

बाकी सामान थोडेच. पंख्याऐवजी अंगानेच उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची पेटी, 5 व्होल्ट 3 अँपिअरचा चांगला अडॅप्टर, मायक्रो एचडीएमआय केबल आणि मेमरी कार्ड. अडॅप्टरमध्ये काटकसर करू नये. वीज कमी पडली की पेटी मध्येच बंद पडते. कार्डावर लिब्रेएलेक ही मोफत प्रणाली टाकली की कोडी थेट टीव्हीवर उघडते. टीव्हीत सीईसी सोय असेल, तर त्याचाच रिमोट चालतो. फाईल पेनड्राइव्हवर ठेवल्या, म्हणजे हार्ड डिस्कचीही कुरकुर नाही. मात्र एक प्रत दुसरीकडे जपून ठेवावी.

घरच्या फाईल पाहायला इंटरनेट लागत नाही, जाहिराती येत नाहीत. मुलांसमोर काय लावायचे, ते घरातली माणसे ठरवतात.

पुढच्या जुम्याला पुन्हा तीच फाईल लावली. खोलीत आवाज होता तो फक्त कॅसेटचा. अब्बांनी हात उचलले आणि या वेळी ऐकू आले, "या अल्लाह, इसको सब्र दे, हमको भी सब्र दे."

अम्मींनी "आमीन" म्हटले आणि रिमोट मागून घेतला. "एकदा परत लाव."