जुना पत्ता, नवा पत्ता

आमच्या डिचोलीच्या बाजारात एखादे दुकान हलले की जुन्या दारावर पाटी लागते. पाटी नसेल तर गिऱ्हाईक बंद दार पाहून परत जाते. संकेतस्थळांचेही तसेच आहे.

रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेल्या पत्त्यावर नेण्यास सांगितले. खरी बँक कोणती व तोतया कोणती, हे ग्राहकाला पत्त्यावरूनच कळावे हा हेतू. पण लोकांनी टिपून ठेवलेल्या जुन्या पत्त्यांचे काय?

जुन्या पत्त्यावर मागणी आली की बँकेचा सर्व्हर ३०१ हा क्रमांक व नवा पत्ता कळवितो, आणि ब्राउझर आपण होऊन तेथे जातो. ३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरते. ही सोय नसेल तर ४०४, म्हणजे पान सापडत नाही.

आम्हा वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना हे अवघड वाटू नये. खतावणी नवी केली की कोणते खाते कोणत्या पानावर गेले याची यादी लागते. येथेही प्रत्येक जुन्या पानासमोर नवे पान हवे. सर्वांना मुखपृष्ठावर सोडणे म्हणजे ठेवीचे दर विचारणाऱ्याला बँकेच्या दारात उभे करणे होय.

शिवाय जुन्या नावाची नोंदणी चालू ठेवली पाहिजे. ती सुटली, तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो, आणि तोतयाला आयतीच पेढी मिळते. म्हणून घर बदलले तरी जुन्या दाराची किल्ली टाकून देऊ नये.