सोळा क्रमांकाचे बीळ

कोळी किती वर्षे जगतो? हा प्रश्न वर्गात विचारला, तर 'काही महिने', फार तर 'एक-दोन वर्षे' असे उत्तर येईल. घरातल्या आणि बागेतल्या बहुतेक कोळ्यांपुरते ते बरोबरही आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका कोळ्याच्या मादीचे वय मात्र त्रेचाळीस वर्षे भरले. हे वय प्रयोगशाळेत मोजलेले नाही किंवा शरीराच्या आकारावरून अंदाजाने बांधलेलेही नाही. तिच्या बिळाशेजारी १९७४ साली एक खूण ठोकलेली होती. तिच्यावर १६ हा आकडा होता, आणि ती ठोकणाऱ्या बाई उतारवयापर्यंत दरवर्षी तिथे जाऊन बिळाचे झाकण पाहत होत्या. या बाईंचे नाव बार्बरा यॉर्क मेन. कोळ्यांच्या अभ्यासकांत त्यांचे नाव मोठे आहे, पण आपल्याकडे ते फारसे कोणाला ठाऊक नाही.

बार्बरा यॉर्क यांचा जन्म १९२९ सालचा. पर्थ शहरापासून पूर्वेला सुमारे १८० किलोमीटरवर टॅमिन नावाचे छोटे गाव आहे. त्या परिसरात गव्हाच्या शेतावर त्यांचे बालपण गेले. पुढे त्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकल्या आणि १९५६ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. त्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातून ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९५२ मध्ये त्यांचे लग्न झाले ते आल्बर्ट मेन या प्राणिशास्त्रज्ञाशीच. लोक त्यांना बर्ट म्हणत. बेडूक आणि कांगारूंच्या कुळातले प्राणी हा त्यांचा विषय होता. त्यानंतर बार्बराबाईंचे संशोधन संसार आणि मुले सांभाळत चालले. विद्यापीठातही आयुष्याचा मोठा काळ त्यांनी मानद म्हणूनच काम केले. याबद्दल हळहळावे की कौतुक करावे ते वाचकांनी ठरवावे. आमच्या मते या मानद कामाचा एक फायदा मात्र झाला. तीन वर्षांत अहवाल सादर करा, असे त्यांना कोणी बजावत नव्हते.

आता त्यांच्या कोळ्यांकडे वळू. कोळी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोल, चाकासारखे जाळे येते. पण कोळ्यांचा एक जुना गट असे जाळे विणत नाही. या गटात मोठे केसाळ टॅरंट्युला येतात आणि जमिनीत बीळ करून त्यावर झाकण बसवणारे कोळीही येतात. झाकणवाल्यांना इंग्रजीवरून ट्रॅपडोअर कोळी म्हणतात. आपण त्यांना झडपेचे कोळी म्हणू. या जुन्या गटाची ओळख जबड्यावरून पटते. नेहमीच्या कोळ्यांच्या विषारी नख्या चिमट्यासारख्या एकमेकींसमोर येतात. झडपेच्या कोळ्यांच्या नख्या समांतर असतात आणि कुदळीसारख्या वरून खाली मारल्या जातात. श्वसनासाठी यांना पुस्तकाच्या पानांसारख्या पडद्यांची फुफ्फुसे असतात, आणि तीही दोन जोड्या. बहुतेक आधुनिक कोळ्यांत एकच जोडी उरली आहे. आणखी एक फरक आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे. बहुतेक कोळी प्रौढ झाले की कात टाकणे थांबवतात. या गटातल्या माद्या मात्र प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहतात.

मेन यांनी ज्या जातीचा सर्वांत दीर्घ अभ्यास केला, तिचे नाव गायस व्हिलोसस. जुन्या लेखांत, अगदी मेन यांच्या स्वतःच्या लेखांतही, ती अ‍ॅनिडिऑप्स व्हिलोसस या नावाने भेटते. शोधू पाहणाऱ्याने दोन्ही नावे लक्षात ठेवावीत. मादी जमिनीत उभे बीळ खणते, त्याला रेशमाचे अस्तर लावते आणि तोंडावर रेशीम व माती यांचे बिजागरीचे झाकण बसवते. बिळाच्या काठापासून बारीक काटक्या आणि पाने चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेर पसरलेली असतात आणि रेशमाने काठाला बांधलेली असतात. प्रथम पाहणाऱ्याला हा साधा पालापाचोळा वाटतो. रात्री मादी झाकण किंचित उचलून दाराशी बसते. एखादा मुंगळा किंवा भुंगा काटकीवर पाय ठेवतो, त्याचा कंप काठापर्यंत पोचतो आणि मादी झडप घालते. पायांनी जेवढे अंतर गाठता येते त्याहून बरेच मोठे शिकारक्षेत्र तिला बीळ न सोडता मिळते. हे काटक्यांचे आरे म्हणजे कोरड्या मुलुखातल्या जगण्याशी जुळवून घेण्याचा मार्ग आहे, असे मेन यांनी १९५७ सालच्या लेखात मांडले. जिथे भक्ष्य विरळ आहे, तिथे त्याच्या मागे धावण्यापेक्षा पाहुण्याची वर्दी देणारी तार लांबवणे परवडते.

शत्रू आत शिरला तर? त्यासाठीही सोय आहे. बिळाच्या आत रेशमाचा एक सैल मोजा असतो. संकट आले की मादी तो खाली ओढते. मोजा मिटतो आणि बिळाला खोटा तळ तयार होतो. वरून पाहणाऱ्याला बीळ रिकामे दिसते आणि मादी मात्र त्याच्या खाली सुरक्षित असते.

नराचे आयुष्य वेगळे. तो काही वर्षे स्वतःच्या बिळात वाढतो, प्रौढ झाला की बीळ कायमचे सोडतो, मादीच्या शोधात भटकतो आणि लवकरच मरतो. मादी मात्र जिथे पिल्लू असताना पहिले बीळ खणले तिथेच राहते, आणि अंगाने वाढेल तसे तेच बीळ रुंद करत जाते. पिल्ले आईच्या बिळातून पावसाच्या दिवसांत बाहेर पडतात. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. ही पिल्ले फार दूर जात नाहीत. अनेक कोळ्यांची पिल्ले रेशमाच्या धाग्यावर वाऱ्याबरोबर मैलोगणती उडतात. ही पायी चालतात आणि ओलसर माती मिळाली की खणू लागतात.

मेन यांच्या सगळ्या कामाचे मर्म या साध्या वस्तुस्थितीत आहे. मादी जागा बदलत नाही, आणि दुसऱ्या मादीचे रिकामे बीळही ती वापरत नाही. म्हणजे एका बिळात आयुष्यभर एकच मादी. बिळाशेजारी क्रमांकाची खूण ठोकली की जणू त्या मादीचे नाव हजेरीपटावर चढले. तिला पकडायला नको, रंग लावायला नको, बीळ उकरायलाही नको. झाकण नीट आहे का, काठावर नवे रेशीम आहे का, काटक्या बांधलेल्या आहेत का, एवढे पाहिले की ती जिवंत आहे की नाही ते कळते. १९७४ साली मेन यांनी टॅमिनजवळच्या नॉर्थ बंगुला राखीव रानातल्या एका लहानशा तुकड्यावर अशी हजेरी सुरू केली. आईच्या बिळातून नुकत्याच पांगलेल्या पिल्लांची इवलीशी बिळेही त्यांनी नोंदली. त्यांतले एक होते सोळा क्रमांकाचे.

पुढची चाळीस वर्षे काय झाले, याचे रंजक वर्णन करता येणार नाही, कारण जे घडले ते फार सावकाश घडले. काही बिळे रिकामी झाली, काही नवी दिसली. पावसाची बरी-वाईट वर्षे गेली. सुरुवातीच्या नोंदीतल्या माद्या एकेक करून संपल्या. सोळा क्रमांकाचे झाकण मात्र दर भेटीत शाबूत होते. अशा अभ्यासाला पैसा आणि प्रसिद्धी मिळवणे किती अवघड असते, हे शाळेत पर्जन्यमापकाच्या नोंदी दहा वर्षे ठेवू पाहणाऱ्या शिक्षकाला सांगायला नको. पण 'कोळ्याची मादी किती जगते' या प्रश्नाचे उत्तर दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पातून मिळणे शक्यच नव्हते. तिथे अभ्यास करणाऱ्यालाच कोळ्याइतके जगावे लागते, किंवा हजेरीपट दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो.

मेन यांनी तो दिला. त्या ऐंशीच्या घरात असताना लिआंडा मेसन ही तरुण संशोधिका या कामात आली. ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी मेसन त्या बिळापाशी गेल्या, तेव्हा झाकणाच्या मध्यभागी भोक पडलेले होते, बिळाची पडझड झाली होती आणि मादी नव्हती. सहा महिन्यांपूर्वी ती जिवंत होती. झाकणावरच्या भोकावरून कोळ्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाशीचा संशय बळावतो. अशी माशी कोळ्याला नांगी मारून लुळे करते, त्याच्यावर अंडे घालते, आणि अळी त्याला हळूहळू खाते. आपल्याकडच्या कुंभारणीच्या मातीच्या घरट्यात कोंबलेले लुळे कोळी ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. मात्र माशीने धडधाकट मादी मारली की म्हातारपणाने आधीच खचलेली, हे त्या भोकावरून सांगता येत नाही. मेसन, मेन आणि त्यांचे सहकारी ग्रँट वॉर्डेल-जॉन्सन यांनी २०१८ साली ही नोंद प्रसिद्ध केली. तोवरचा दीर्घायुष्याचा विक्रम मेक्सिकोतल्या अठ्ठावीस वर्षांच्या टॅरंट्युलाच्या नावावर होता.

वृत्तपत्रांनी या बातमीत विक्रम पाहिला. आम्हाला त्या रानाची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक मूळ रान विसाव्या शतकाअखेर तोडून झाले होते. मेन ज्या मुलुखात वाढल्या, तिथली शेतेही रान तोडूनच झालेली. तोडीचा एक परिणाम सगळ्यांना दिसतो, दुसरा जमिनीखाली चालतो. तिथल्या मातीत हजारो वर्षे साठलेले मीठ खोलवर आहे. निलगिरी व बाभळीच्या कुळातल्या झाडांची खोल मुळे पावसाचे पाणी शोषून घेत, त्यामुळे भूजल खालीच राही. गव्हाची मुळे उथळ आणि पीक काही महिन्यांचे. उरलेले पाणी मुरत गेले, भूजलाची पातळी वर चढली आणि तिच्याबरोबर मीठही वर आले. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना क्षारपड जमीन परिचित आहे. तिथे कारण उसाला दिलेले जादा पाणी. इथे झाडांचे जाणे. पण पाण्याबरोबर मीठ वर येण्याची क्रिया तीच.

अशा मुलुखात झडपेच्या कोळ्याचे काय होते, याचा विचार करून पाहा. पक्षी एका रानातून दुसऱ्या रानात उडून जाईल. पायी चालणारे, ओलसर सावली लागणारे कोळ्याचे पिल्लू नांगरलेले शेत ओलांडू शकत नाही. रानाचा तुकडा म्हणजे त्याच्या दृष्टीने समुद्रातले बेट. शिवाय मादी इतकी दीर्घायुषी असल्यामुळे फसगतही होते. नवी पिल्ले जगणे बंद झाले असले, तरी जुन्या माद्यांची बिळे कित्येक वर्षे दिसत राहतात आणि सर्व ठीक आहे असे वाटते. ही गोष्ट बिळे मोजून कळत नाही. बिळाबिळाची वये ठाऊक असावी लागतात. मेन यांच्या हजेरीपटाची खरी किंमत ती.

एकाच ठिकाणी पाय रोवून राहिल्या असल्या, तरी मेन यांचे काम एका बिळापुरते नव्हते. झडपेच्या कोळ्यांच्या व त्यांच्या भाऊबंदांच्या तीसहून अधिक जातींना त्यांनी नावे दिली. 'बिट्वीन वॉजिल अँड टॉर' हे त्यांचे १९६७ सालचे पुस्तक. वॉजिल म्हणजे नापीक वाळूवर वाढणारे बाभूळवर्गीय झुडुपांचे रान आणि टॉर म्हणजे ग्रॅनाइटचा उघडा खडक. या दोहोंमधल्या जमिनीचे ते वर्णन आहे. १९८१ मध्ये त्यांच्यावर 'लेडी ऑफ द स्पायडर्स' हा माहितीपट निघाला. २०११ साली त्यांना 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया'चे पदक मिळाले. २०१५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओल्या नैर्ऋत्य भागातल्या लहानशा झडपेच्या कोळ्यांसाठी नवी प्रजाती स्थापन केली. तिचे नाव बर्टमेनियस. बर्ट मेन २००९ साली वारले होते; हे नाव त्यांचे. बार्बराबाईंचे निधन मे २०१९ मध्ये झाले, सोळा क्रमांकाच्या मादीनंतर अडीच वर्षांनी.

गायस ज्या कुळात मोडतो, त्या इडिओपिडी कुळाचे कोळी आपल्या सह्याद्रीतही आहेत. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशी या कुळाची वस्ती पाहिली, की पूर्वीच्या गोंडवन भूखंडाची आठवण होते. रस्त्याच्या कडेच्या मातीच्या उभ्या कापात, शेवाळाच्या आड, यांचे झाकण असते. पण ते इतके बेमालूम असते की पाहणाऱ्याला दहा वेळा चुकवते. कोळी ओळखण्यासाठी डॉ. बी. के. टिकादार यांचे १९८७ सालचे भारतीय कोळ्यांवरचे हस्तपुस्तक चाळावे. टिकादार यांनी आपल्या कामाचा बराच काळ भारतीय प्राणिसर्वेक्षणाच्या पुणे केंद्रात घालवला होता.

झडपेचा कोळी सापडला नाही, तरी हजेरीपट सुरू करता येतो. पावसाळा ओसरल्यावर सकाळी शाळेच्या मैदानातल्या गवतावर दवाने चमकणारी, एका कोपऱ्यात नरसाळ्यासारखी नळी असलेली जाळी दिसतात. नळीच्या तोंडाशी कोळी बसलेला असतो. दहा जाळ्यांशेजारी क्रमांकाच्या काड्या रोवाव्यात आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, नोंद करावी: जाळे आहे का, कोळी आहे का, केवढा आहे. जाळे उकरू नये, कोळ्याला हात लावू नये. दोन-तीन आठवड्यांत विद्यार्थ्यांपुढे एक अडचण हमखास येईल. सात क्रमांकाच्या जाळ्यात आज दिसणारा कोळी मागच्या आठवड्यातलाच आहे, की पहिला गेला आणि दुसरा येऊन बसला? मेन यांना हा प्रश्न का पडला नाही आणि आपल्याला का पडतो, हे वर्गाने शोधावे. कोळ्याला न पकडता तो कसा सोडवता येईल, याच्या युक्त्या विद्यार्थी सुचवतील तेव्हा त्या नोंदवहीत लिहून ठेवाव्यात, अगदी अव्यवहार्य वाटल्या तरी.