एक डिस्क गेली, तरी काम चालते!

श्रोतेहो, कामोठ्यातल्या एखाद्या शाळेचे निकाल सर्व्हरच्या तीन डिस्कवर ठेवले आहेत असे समजा. पहिलीवर 5, दुसरीवर 7, तिसरीवर त्यांची बेरीज 12. कोणतीही एक बिघडली, तरी उरलेल्या दोहोंवरून तिचा आकडा निघतो. यंत्राचा हिशेब निराळा, पण तत्त्व हेच. 1988 साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ते ‘रेड’ या नावाने मांडले.

गोम पुढेच आहे. एक डिस्क गेली तरी काम चालूच राहते, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. मग दुसरी गेली, की नुसत्या 12 वरून काय काढणार? लिनक्सवरचा ‘एमडीएडीएम’ हा प्रोग्राम बिघडलेली डिस्क हेरून ई-मेल धाडतो. पण तो मेल बदली होऊन गेलेल्या गुरुजींकडे जात असेल तर? पत्ता आजच तपासा, चाचणीचा एक मेल मागवून पाहा.