सशाचे दात पुन्हा पुन्हा का वाढतात?

मंडळी, मागच्या खेपेला इथल्याच एका मुलीनं विचारलं, “सर, डॉक्टरांनी आमच्या सशाचे दात दोनदा कापले, तरी पुन्हा वाढले. आता?” कार्यकारणभाव जन्मभर शिकवला, पण इतका नेमका प्रश्न वर्गात कधी आला नाही!

सशाचे 28 दात आयुष्यभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला सुमारे 2 मिलिमीटर. ते झिजतात गवत चावून, गाजरानं नव्हे. पवनेकाठी पावसाळ्यात गवताला तोटा नाही, पण भिजून कुबटलेलं देऊ नका. सुकं आधीच भरून ठेवा. जबडाच वाकडा असेल तर मात्र गवतानं भागत नाही. दर चार-सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडून दात घासून घ्यायचे, नाहीतर पुढचे काढूनच टाकायचे. मग चिरलेला पाला तो ओठांनी उचलून खातो. घरी नेलकटर लावू नका, दात उभा चिरतो. आणि अर्धा दिवस त्यानं काहीच खाल्लं नाही, तर उद्यावर ढकलू नका. आतड्यांचं काम थांबतं.